पोळ्यापर्यंत वापसी

मैनाबाईंचं असं म्हणणं आहे, की त्यांच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात बैल सोडून दुसरं काही नीट पाहिलंच नाही. लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हाही नत्थुजी नवरीकडे न बघता मांडवाबाहेर बांधलेली पाहुण्यांची बैलजोडी बघत होते म्हणे. नत्थुजी हे नाकारत नाहीत. जोडीच तशी होती, एवढंच म्हणतात.

मोर्शीपासून आत, संत्र्याच्या बागांमध्ये त्यांचं गाव. तिथून ते बाजारोबाजार फिरायचे आणि बैलांची दलाली करायचे. दात बघायचे, शेपटी मुरगाळायची, वशिंडावर थाप मारायची आणि सांगायचं, हा चालेल, हा बसेल. भाव ठरायचा दुपट्ट्याखाली. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एकाच दुपट्ट्याखाली जायचा, बोटं दाबली जायची, आणि वर दोघांचे चेहरे असे, की जणू सोयरिकीच्या गप्पा चालल्या आहेत. सगळ्यात शेवटी अंगठा आत घेऊन मूठ मिटायची. मूठ मिटली की सौदा पक्का, वापसी नाही. अंगठा बाहेर ठेवला, तर ठरलेल्या सणापर्यंत बैलाची काही खोड निघाल्यास तो वापस करता यायचा.

पण वापसीची रीत मोठी वाईट होती. ज्या दलालानं पारख केली, त्यानंच बैलाचं दावं धरून तो भर बाजारातून परत न्यायचा आणि लोकांसमोर म्हणायचं, "पारख माही चुकली." नत्थुजींना हे कधी म्हणावं लागलं नाही. त्यांनी दिलेला एकही बैल परत आला नाही. ही गोष्ट त्यांनी गावात इतक्यांदा सांगितली आहे, की आता वाक्य सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात.

मग घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल गेले आणि नत्थुजी ओट्यावर येऊन बसले. चार वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नाही. फ्रिज आला, मोबाईल आले, कुणी विचारलं नाही. मुलगा विपुल धामणगाव रेल्वे या गावी एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला. त्यानं बागेसाठी आणि चार बाहेरची कामं मिळावीत म्हणून छोटा लोडर आणला, तोही अंगणात उतरला तेव्हाच नत्थुजींना कळला. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण बोलले एवढंच, "शेपटी कुठं हाय याची?"

लोडर पहिल्या दिवशी विपुलनं चालवला आणि न्हाणीची भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पौर्णिमा बसली आणि तीच पडलेली भिंत तिनं नीट उचलून उकिरड्यावर नेऊन टाकली. त्या दिवसापासून लोडर तिचा झाला.

पौर्णिमा अंगानं बुटकी. मुलगी पाहून परत येताना नत्थुजी बसमध्ये चांगलं मोठ्यानं म्हणाले होते, "पोरगी बाकी ठीक हाय, पण ठेंगणी हाय." मैनाबाईंनी तीच सून केली. असली वाक्यं काही वाया जात नाहीत. लग्नाच्या आठवड्यातच ते पौर्णिमेच्या कानावर आलं. ती भांडली नाही, रडली नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला, की ओट्याकडे तोंड करून हाक मारायची, "मामाजी, मी ठेंगणी पडली, जरा हात पुरवा बरं." सासरे मुकाट उठून डबा काढून द्यायचे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि डबा मुद्दाम वर ठेवला जातो, हे नत्थुजी सोडून सगळ्या घराला माहीत होतं.

लोडरच्या पुढच्या बकेटनं माती उचलली जायची, शेणखत उचललं जायचं. पण लोक वेगळंच विचारायला लागले. विहिरीतली मोटर काढून देता का, इंजिन चढवून देता का, सिमेंटचे पाईप उतरवता का. त्यासाठी बकेट काढून तिथे लोखंडाचा एक हात बसवावा लागतो, टोकाला हूक असलेला. त्याला बूम म्हणतात. बूम अकोल्याला मिळतो असं पौर्णिमेनं फोनवरून शोधून काढलं आणि ती निघाली, तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "यायलेही घेऊन जाय. इथं ठेवशीन त दिवसभर माह्या डोक्यावर बसतीन."

पौर्णिमा ओट्यावर आली. "मामाजी, अकोल्याले चालता का? बूम पाहाचा हाय. मले एकटीले समजन नाई."

नत्थुजी म्हणाले, "पाहतो, जमलं त." आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत इस्त्रीचं धोतर नेसून, खांद्यावर बाजाराचा दुपट्टा टाकून बसस्टँडवर उभे होते. पौर्णिमेला अजून भाजी फोडणीला टाकायची होती.

अकोल्याला दुकानात धर्मेंद्र नावाचा तिशीतला मालक होता. त्यानं दोन बूम दाखवले. एक आखूड, जाडजूड, काळपट. दुसरा लांब, सडपातळ, झळझळीत पिवळा.

"टोकाले किती उचलते?" पौर्णिमेनं विचारलं.

"लांबवाला अडीच क्विंटल, आखूडवाला पाच," धर्मेंद्र म्हणाला. "वजन मशीनपासून जितकं दूर जाईल तितकी ताकद कमी. लांब घ्याल तर उंची मिळेल, आखूड घ्याल तर वजन. तुम्हाला उचलायचं काय आहे आणि किती दुरून, ते आधी ठरवा." मग तो नत्थुजींकडे वळला आणि आदरानं म्हणाला, "काका, सोपं सांगतो. बैलगाडी असते ना, बैलगाडीत ओझं पुढे गेलं की..."

इथंच सगळं बिघडलं. नत्थुजींना बैलगाडी समजावून सांगणारा माणूस पृथ्वीवर असू शकतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तो समोर उभा राहून कूलरचं वारं घेत होता. ते धर्मेंद्रकडे पाठ करून थेट बूमपाशी गेले. आखुडावर थाप मारली, थप्प असा बसका आवाज आला. लांबावर मारली, आवाज टोकापर्यंत घुमत गेला. लांबाच्या बाजूनं ते एक चक्कर फिरले, खाली वाकून बघितलं, हुकात बोट घालून त्याचं तोंड उघडून बघितलं. दात नव्हते, पण उघडून बघितल्यानं त्यांना बरं वाटलं.

"हा घ्याचा," ते लांबाला म्हणाले. "अंगलोट पाह्य, उभारी पाह्य. तो दुसरा घाण्याले जुपाचा हाय. ठेंगणा हाय तो."

पौर्णिमा छताच्या पंख्याकडे बघायला लागली.

"मामाजी, पण वजन..."

"वजन तब्येतीतून येते. मी जनावरं पाहली हायेत का तुवा?"

ती काही बोलणार होती. मग तिनं सासऱ्यांचा इस्त्रीचा सदरा पाहिला, कपाळावरचा घाम पाहिला आणि म्हणाली, "तुमी म्हणता त लांबच घेऊ."

नत्थुजींना एकदम पंचवीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, धर्मेंद्रचा हात धरला आणि दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. धर्मेंद्रला काही कळेना. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, असं काही द्यायची गरज नाही हो. दुकानात कॅमेरा आहे."

"भाव बोलून राहिलो," नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी दोन बोटं दाबली. धर्मेंद्र कळवळला. दुकानातली तीन माणसं कामं सोडून बघायला लागली. बोटं बराच वेळ दाबली गेली. धर्मेंद्रला भावाचं काही समजलं नाही, पण हात सुटावा म्हणून तो आता काहीही कबूल करायला तयार होता.

"पोळ्यापर्यंत वापसी," नत्थुजी म्हणाले. "खोड निघाली त वापस घ्या लागन."

"घेतो काका."

"साऱ्याइच्या समोर सांगा."

"पोळ्यापर्यंत वापसी," धर्मेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला. नत्थुजींनी अंगठा बाहेर ठेवून त्याचा हात सोडला. वापसी मागून घेणं ही नुसती रीत. ती कधी वापरायला लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

बूम घरी आला, तेव्हा मैनाबाईंनी त्याला कुंकू लावलं आणि विचारलं, "शिंगं रंगवाची का?" नत्थुजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. पहिलंच काम आलं ते शाळेजवळच्या लोखंडी मांडणीवर प्लास्टिकची रिकामी टाकी चढवण्याचं. लांब बूमनं ती अलगद वर नेऊन ठेवली. नत्थुजी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावातून फिरले. पानठेल्यावर सांगितलं, देवळात सांगितलं, ज्यानं ऐकलं होतं त्यालाही पुन्हा सांगितलं, "माह्या पारखीतलं काही वापस येत नाही."

सूर्यभाननंही ते ऐकलं. सूर्यभान म्हणजे जुन्या बाजारातला दुसरा दलाल, नत्थुजींचा सोबती आणि वैरी, दोन्ही. त्याचे बैल इतक्यांदा परत यायचे, की काही बैल त्याला घरच्यासारखे ओळखायला लागले होते. त्याच्या बागेच्या वाटेवर एक नाला होता आणि मिरगाच्या आधी त्या वाटेखाली सिमेंटचे पाईप टाकायचे होते.

"तुमचा नवा बैल उचलन का हो पाईप?" सूर्यभाननं विचारलं.

"दहा उचलन," म्हणून नत्थुजी पौर्णिमेला न विचारता काम घेऊन आले.

पौर्णिमा जेवता जेवता थांबली. "मामाजी, एक पाईप चार क्विंटलच्या वर हाय. आपला अडीचचा हाय."

"ते दुकानदाराचं गणित हाय. लावून त पाह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लावून बघितलं, तेही फार जपून. दोर बांधला, हूक अडकवला आणि बूम सावकाश वर घेतला. पाईप जागचा हलला नाही. लोडरची मागची चाकं मात्र जमिनीवरून वीतभर वर आली. पौर्णिमेनं ताबडतोब बूम खाली सोडला.

सूर्यभान बांधावर बसून बिडी ओढत होता. "नत्थुजी," तो म्हणाला, "मागचे पाय उचलून राहिला तुमचा बैल."

"नवा हाय. हरिकला हाय जरासा."

"मारका त नाई?"

नत्थुजी लोडरच्या मागे गेले. बैलगाडी पुढून जड झाली, की मागे माणूस बसवायचा, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांनी मागच्या जाळीवर पाय ठेवला आणि चढायला लागले. आतून पौर्णिमेनं आरशात पाहिलं आणि मशीन बंद करून चावी काढून घेतली.

"मागं माणूस बसवून मी हे चालवत नाही," ती म्हणाली. "खाली उतरा, मामाजी. काम उद्यावर राहू द्या."

उद्यावर गेलं, म्हणजे नत्थुजींना एक दुपार मिळाली. जेवणं झाली, घर झोपलं. पौर्णिमा झोपली, मैनाबाई घोरायला लागल्या. नत्थुजी उठले. माणूस बसवायचा नाही म्हणते, ठीक आहे, माणूस बसवत नाही. त्यांनी चार रिकामी पोती घेतली. एका पोत्यात स्वैपाकघरातला पाटा गेला. दुसऱ्यात माळ्यावरच्या जात्याचे दोन्ही दगड गेले. तिसऱ्यात खलबत्ता आणि विपुलनं कधी काळी दंड कमवायचे म्हणून आणलेल्या लोखंडी चकत्या. चौथ्यात विटा. पोती त्यांनी लोडरच्या मागच्या जाळीला घट्ट बांधली आणि वरून ताडपत्री झाकली. ह्या लोडरचं दार पुढे असतं. चालवणारा पुढूनच चढतो नि पुढूनच उतरतो. मागे कुणी जात नाही. सगळं करून ते पुन्हा येऊन खाटेवर पडले आणि छातीत धाप लागलेली असताना घोरल्याचा आवाज काढू लागले.

संध्याकाळी मैनाबाई स्वैपाकघरात उभ्या राहून चारी दिशांना बघत होत्या. "पाटा कुठं गेला? त्याले काय पाय फुटले?"

"मिक्सरात वाटा ना ठेचा," नत्थुजी बाहेरून म्हणाले.

मैनाबाई बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मिक्सरच्या ठेच्याला ह्या माणसानं आजवर ताटातून उठून शिव्या दिल्या होत्या. "तब्येत बरी हाय ना तुमची?" त्यांनी विचारलं.

सकाळी नाल्यावर जाताना पौर्णिमा एकदा म्हणाली, "आज मशीन मागून जड लागून राहिली."

"सकाळच्या पारी अंग जडच असते," नत्थुजी म्हणाले. "एक डाव लावून पाह्य. आता उचलन ते."

आणि उचललं की. बूम वर गेला, पाईप जमिनीवरून दोन वीत वर आला, मागची चाकं जमिनीला चिकटून राहिली. नत्थुजींनी सूर्यभानकडे अशा नजरेनं बघितलं, की बिडी त्याच्या हातात विझली. पौर्णिमेच्या कपाळाला आठी पडली होती. हे कसं झालं ते तिला समजत नव्हतं. तिनं लोडर हळूच नाल्याकडे वळवला. चाक एका ढेकळावरून गेलं, मागे काहीतरी टर्रकन फाटलं आणि मैनाबाईंचा पाटा धाडदिशी दगडावर आदळला. त्यासरशी मागची चाकं उडाली आणि अख्खा लोडर नाल्याच्या बाजूला तोंड करून ओणवा झाला. पौर्णिमेनं कसाबसा बूम खाली दाबला. पाईप मातीत टेकला, चाकं खाली आली.

सूर्यभान उठला, पाट्याजवळ गेला आणि वाकून बघितलं. "नत्थुजी," तो म्हणाला, "याच्या पोटातून पाटा पडला."

त्याला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून पुन्हा हसू आलं. तेवढ्यात मैनाबाई भाकरीचं फडकं घेऊन बांधावरून आल्या. त्यांनी माहेरून आणलेला पाटा पाहिला, त्याचा तुटलेला कोपरा पाहिला, आणि भाकरी बांधावर ठेवून त्या माघारी वळल्या. बोलल्या असत्या तर नत्थुजींना जास्त बरं वाटलं असतं.

पौर्णिमा उतरून मागे गेली. ताडपत्री उचलली. विटा, चकत्या, जातं, सगळं बघितलं.

"मामाजी," ती म्हणाली, "पुढं पाईप, मागं पाटा, अन् मधात मी होती."

हे नत्थुजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुपारभर त्यांनी पोती बांधली, गाठी तपासल्या, ताडपत्री नीट केली, आणि मधात माणूस बसणार आहे हे एकदाही डोक्यात आलं नाही. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

घरी गेल्यावर पौर्णिमेचा राग ओसरला. तिनं चहा आणून समोर ठेवला आणि म्हणाली, "लांबच राहू द्या आपला. टाक्या चढवू, पत्रे चढवू. पाईपाचं काम दुसरा कोणी करीन. कोणाले काही सांगाचं कारण नाई." पाईपाचंच काम सगळीकडे होतं, पाच गावांतून तिला त्याच्यासाठीच फोन येत होते, हे नत्थुजींना माहीत होतं. ती ते सोडत होती, त्यांचं नाक राहावं म्हणून. नत्थुजींनी चहाची कपबशी बाजूला सारली.

सूर्यभान त्या संध्याकाळी आपणहून आला. ओट्यावर बसला, थट्टा केली नाही. उठताना म्हणाला, "पहिल्या डावाले लय जड जाते, नत्थू. मले आठवते ना. दावं हातात असते अन् बाजार संपतच नाही." दोन पावलं जाऊन वळला. "मग सवय होते," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नत्थुजींनी गोठ्याच्या खुंटीवरचं जुनं दावं काढलं.

छोट्या टेम्पोत बूम टाकून सासरा आणि सून अकोल्याला आले. दुकानासमोर टेम्पो थांबला. माणसांनी बूम ढकलगाडीवर उतरवला. नत्थुजींनी हुकाला दावं बांधलं, दुसरं टोक हातात धरलं आणि ते पुढे चालायला लागले. ढकलगाडी मागून, ते पुढून. शेजारच्या टायरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. अंतर काही फार नव्हतं, पण नत्थुजींना सूर्यभानचं म्हणणं पटलं.

"काका, हे काय?" धर्मेंद्र म्हणाला.

"वापसी."

"अहो, बिल झालंय, माल वापरलाय, आमच्याकडे वापसी नसते."

नत्थुजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. धर्मेंद्रनं दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले. त्याच्याच दुकानातला हिशेब बघणारा माणूस तिकडून म्हणाला, "शेठ, तुम्ही पोळ्यापर्यंत म्हटलं होतं. आम्ही सगळे होतो." महिनाभर त्या दुकानात दुसरा विनोद चाललाच नव्हता, विसरणार कोण?

धर्मेंद्रनं सुस्कारा टाकला. "बरं. पण खोड काय निघाली?"

टायरवाले दारात उभे होते. दोन गिऱ्हाइकं होती. पौर्णिमा हळूच म्हणाली, "मामाजी, मी सांगते, वजनाचं..."

"तू थांब," नत्थुजी म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "याच्यात खोड नाई. हा चांगला हाय, याचं काम येगळं हाय. पारख माही चुकली."

एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. पण बाजारात सवय असते, शेवटच्या माणसापर्यंत जावं अशा आवाजात बोलायची. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. टायरवाले टायरांकडे गेले. एका गिऱ्हाइकानं ग्रीस मागितलं.

मग ते आखूड बूमपाशी गेले, पण थाप मारली नाही. "तू पाह्य," ते सुनेला म्हणाले. पौर्णिमेनं हुकाची कडी पाहिली, पिना पाहिल्या, मशीनला अडकतो ती जागा मापून पाहिली, ठरवायचं ते तिनं धर्मेंद्रशी उघड तोंडानं ठरवलं. निघताना धर्मेंद्रनं नत्थुजींना विचारलं, "काका, ह्याची वापसी कधीपर्यंत?" नत्थुजी म्हणाले, "हिले विचारा. घेणारी हे हाय."

परतताना टेम्पोत पौर्णिमा म्हणाली, "पाईप उचलला की मले पुढचं दिसत नाही. कोणीतरी समोर उभं राहून हातानं सांगणारं पायजे. वर, खाली, थांब. आवाज त मशीनमधी ऐकूच येत नाही."

नत्थुजी विचारात पडले. बोटांची एक बोली त्यांना येत होती, पण ती शिकवायची तर हात धरून, दुपट्ट्याखाली. सुनेचा हात सासऱ्यानं कसा धरायचा? शेवटी त्यांनी हात उघडा समोर धरला आणि बोटं दाखवायला लागले. एवढ्या वर्षांत ती बोटं अशी उजेडात कधी आली नव्हती; त्यांना स्वतःलाच जरा उघडं पडल्यासारखं वाटलं. हे एक बोट म्हणजे वर. हे दोन म्हणजे खाली. पंजा म्हणजे थांब.

"अन् अंगठा आत घेऊन मूठ?" पौर्णिमेनं विचारलं. "सूर्यभानजी म्हणत होते, तशीही एक खूण असते म्हणून."

"ते तुह्या कामाचं नाई," नत्थुजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

सूर्यभानच्या नाल्यावर दुसऱ्याच दिवशी काम लागलं. आभाळ भरून आलं होतं. मैनाबाईही आल्या होत्या. लोडरच्या मागे जाऊन त्यांनी आधी ताडपत्री उचलून बघितली आणि मगच बांधावर बसल्या. नत्थुजी नाल्याच्या काठावर समोर उभे राहिले. एक बोट वर गेलं. आखूड काळा बूम कुरकुर न करता वर आला, पाईप उचलला गेला, मागची चाकं जागची हलली नाहीत. दोन बोटं. पंजा. पुन्हा दोन बोटं. बूम मशीनच्या जवळ, ओझं जवळ, आणि समोरचा म्हातारा हात हलवतोय तिकडे पाईप जातोय. सूर्यभानला ती बोली येत होती, त्यामुळे त्याला मधूनच वाटायचं की नत्थुजी पाईपाचा भाव करताहेत, आणि तो बांधावरून म्हणायचा, "लय मांगून राहिला, नत्थू. उतर खाली." नत्थुजी त्याच्याकडे बघतही नव्हते.

शेवटचा पाईप बसला. पावसाचे दोन थेंब पडले. नत्थुजींनी पंजा दाखवला, पौर्णिमा थांबली. मग त्यांनी तोच हात तसाच वर ठेवला, अंगठा आत घेतला आणि मूठ मिटली.

पौर्णिमेनं मशीन बंद केली. "मामाजी, हे काय सांगितलं?"

"काही नाई. बंद कर म्हटलं."

"खोटं बोलून राहिला तो, बाई," सूर्यभान बांधावरून म्हणाला. "सौदा पक्का, वापसी नाई, असं म्हटलं त्यानं. अन् मी पाह्यत होतो ना, बूमकडं पाहून नाई म्हटलं."

नत्थुजी दुपट्ट्यानं तोंड पुसायला लागले. तोंडावर पाऊस होता म्हणावं, तर पाऊस अजून धड सुरूही झाला नव्हता. पौर्णिमा तशीच वर बसून राहिली. मैनाबाई नवऱ्याकडे बघत होत्या.

मग लोडरवरून हाक आली. "मामाजी, खाली लय चिखल झाला. मी ठेंगणी पडली, जरा हात पुरवा बरं."

नत्थुजी लोडरपाशी गेले, घुटमळले, आणि त्यांनी दुपट्ट्याचं एक टोक तिच्या हातात दिलं.